विधुर पित्याचा शोक आणि पुत्राचे स्मरण : विनोबांच्या आठवणींचा एक अभ्यास

प्रस्तावना

मराठी स्मरणपर वाङ्मयात मातेचे स्थान अढळ आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि मातृस्मरणाला मराठीत एक घाट प्राप्त झाला. पित्याच्या वाट्याला असा घाट आला नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर मागे राहिलेला पिता तर वाङ्मयात क्वचितच दिसतो. विधवेचे दुःख सुधारणावादी साहित्याचा मध्यवर्ती विषय ठरले. विधुराला पुनर्विवाहाची मुभा होती, म्हणून त्याचे दुःख दुःख म्हणून नोंदले गेले नाही. देवलांच्या 'शारदा' (1899) या नाटकातील वृद्ध भुजंगनाथ उपहासाचा विषय होतो, तो याच मानसिकतेतून. या पार्श्वभूमीवर विनोबा भावे यांच्या आठवणींत येणारी त्यांच्या वडिलांची, नरहर शंभुराव भावे यांची, प्रतिमा कशी घडते आणि त्या प्रतिमेत शोकाला किती जागा मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आठवणींचे स्वरूप

विनोबांनी रूढ अर्थाने आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या भाषणांतून व संभाषणांतून विखुरलेल्या आठवणी कालिंदी यांनी 'अहिंसा की तलाश' या हिंदी ग्रंथात एकत्र केल्या. या आठवणी मुळात श्रोत्यांसमोर बोललेल्या आहेत. प्रत्येक आठवण एखाद्या तत्त्वाच्या स्पष्टीकरणासाठी येते आणि ते तत्त्व सांगून झाले की थांबते. त्यामुळे या पूर्वस्मृतीत प्रसंग ठसठशीत आहेत, परंतु प्रसंगांमधील काळ रिकामा आहे. पित्याचे एकाकीपण याच रिकाम्या काळात दडलेले आहे.

1918 चा प्रसंग

1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत भावे कुटुंबातील आई, वडील आणि धाकटा भाऊ आजारी पडले. विनोबा साबरमतीच्या आश्रमातून घरी आले. 24 ऑक्टोबर 1918 रोजी आई रुक्मिणीबाई निवर्तल्या. धाकटा भाऊही वाचला नाही. वडील तेवढे बरे झाले. अंत्यविधी ब्राह्मणाकरवी होऊ नये, असा विनोबांचा आग्रह होता. वडिलांना तो मान्य नव्हता. विनोबा स्मशानात गेले नाहीत. ते घरी वेदाध्ययनास बसले आणि पुढे त्यांनी त्या दिवसापासून वेद हीच माता झाल्याचे सांगितले.

या निवेदनाची दृष्टी पूर्णतः पुत्राची आहे. पुत्राचा सिद्धान्त, त्याची निष्ठा आणि त्याने शोधलेला आधार, हे सारे स्पष्ट होते. पित्याच्या बाजूने मात्र केवळ एक असहमती नोंदली जाते. नुकताच आजारातून उठलेला, पत्नी व एक मूल गमावलेला हा पुरुष ज्येष्ठ पुत्राविना पत्नीला निरोप देतो. निवेदनात पित्याविषयी कटुता नाही. तरीही त्या दिवशी पित्याला काय वाटले असेल, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

याचा अर्थ विनोबांना शोक नव्हता असा नाही. आईची साडी आणि तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती त्यांनी सोबत नेली. साडी ते उशाला घेत. खादीचे व्रत घेतल्यावर ती त्यांनी साबरमतीत विसर्जित केली. व्रतापुढे आईची साडीही राहू शकली नाही, हे खरे. परंतु तोवर ती उशाशी होती, हेही तितकेच खरे.

नालवाडी : मातेचे ऋण फिटते, पित्याचे उरते

संस्कृत गीता कळत नाही आणि उपलब्ध मराठी अनुवादही अवघड वाटतो, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे आईने सुचविले होते. त्यातून वर्ध्यात 1930-31 मध्ये 'गीताई' रचली गेली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1932 मध्ये, विनोबा वर्ध्याजवळील नालवाडी येथे दलितवस्तीत राहावयास गेले. सूत कातून जे मिळेल त्यावर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला आणि 1938 मध्ये ते पवनारला गेले.

नालवाडीचा हा काळ पितापुत्रांच्या जीवनातील अंतर दाखवितो. पिता बडोद्यात वस्त्रोद्योगातील रंगशास्त्राचे जाणकार, आधुनिक व प्रयोगशील. पुत्र टकळी व चरख्यावर जगणारा. प्रयोगशीलता मात्र दोघांत समान आहे. बाळकोबा व शिवाजी हे बंधूही ब्रह्मचर्याच्या वाटेने गेले. तिन्ही पुत्र लोकसेवेस अर्पण झाले, हे गौरवाने सांगितले जाते; त्यातून एक घर रिते झाले, हे सांगितले जात नाही. वडील उतारवयात संगीताकडे वळले, मुसलमान गुरूकडे शिकले, संगीतविषयक ग्रंथही त्यांनी प्रसिद्ध केले. हा त्यांचा शोकावरील उपाय होता की केवळ विद्याव्यासंग, हे ठरविता येत नाही. आईच्या शोकाला 'गीताई'चे रूप मिळाले. पित्याच्या शोकाला, तो असल्यास, पुत्राच्या आठवणीत रूप मिळाले नाही.

तुलनात्मक विचार

निवेदनाचा अधिकार कोणाकडे आहे, यावर शोकाची दृश्यता अवलंबून असते. 'स्टीव्हन युनिव्हर्स' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतील 'थ्री जेम्स अँड अ बेबी' (2016) हा पूर्वकथात्मक भाग या दृष्टीने उद्बोधक आहे. मुलाच्या जन्मासाठी आईने आपले अस्तित्व सोडले आहे आणि त्या पहिल्या हिवाळ्याची कथा पिता ग्रेग स्वतः मुलाला सांगतो. आईच्या सख्या तान्ह्या मुलात तिलाच शोधतात. पिता मात्र त्या मुलाला मूल म्हणूनच पाहतो. शोक आणि संगोपन एकाच वेळी करणाऱ्या पुरुषाची तारांबळ, त्याची भीती व अपुरेपण तेथे उघडपणे व्यक्त होते. बालप्रेक्षकांसाठीच्या कलाकृतीला हे शक्य झाले, कारण तेथे पिता बोलतो आणि पुत्र ऐकतो. विनोबांच्या आठवणींत पुत्र बोलतो आणि पिता गप्प राहतो. दोन संस्कृती व दोन काळ यांतील अंतर लक्षात घेऊनही हा भेद महत्त्वाचा ठरतो.

समारोप

1947 मध्ये वडील धुळे येथे निवर्तले. याच शहरातील तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली होती आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली होती. या वेळी विनोबा उपस्थित होते. अस्थी नदीत न सोडता, वेदातील पृथ्वीविषयक भावनेला अनुसरून, त्या मातीत पुरण्यात आल्या व तेथे तुळस लावण्यात आली. रूढी याही वेळी मोडली गेली. परंतु 1918 मध्ये सिद्धान्तामुळे पुत्र दूर राहिला होता, तर 1947 मध्ये सिद्धान्तच त्याला पित्याजवळ घेऊन आला. शब्दांत जे आले नाही, ते या कृतीत आले असे म्हणता येते. मराठी स्मरणवाङ्मयाच्या अभ्यासकाने म्हणूनच पित्याचा शोध केवळ सांगितलेल्या वाक्यांत न घेता, दोन प्रसंगांमधील एकोणतीस वर्षांच्या मौनातही घ्यावयास हवा.