पेशीच्या आकृतीत बुरशी कुठे आहे?

शालेय व कनिष्ठ महाविद्यालयीन पुस्तकांत पेशीची एक आकृती ठरून गेली आहे. वाटोळी पेशी, मध्ये केंद्रक, शेजारी तारककाय आणि त्यापासून सूर्यकिरणांप्रमाणे चहूकडे गेलेल्या सूक्ष्मनलिका. प्राण्यांच्या अनेक पेशींत असेच दिसते, त्यामुळे आकृती चूक म्हणता येणार नाही. आमचा आक्षेप 'प्रातिनिधिक पेशी' या तिच्या शीर्षकाला आहे, आणि सूक्ष्मनलिकांना सरसकट 'पेशीचा सांगाडा' म्हणण्यालाही.

ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीचा धागा घ्या. ही एक लांब नळी असते. सच्छिद्र आडपडद्यांमुळे तिचे कप्पे पडतात व एकेका कप्प्यात अनेक केंद्रके असतात. तारककाय नाहीच! त्याचे काम प्रत्येक केंद्रकाच्या आवरणात रुतलेली एक चकती करते. आडपडद्यांपाशीही सूक्ष्मनलिका सुरू होतात. सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या या नलिका धाग्याच्या लांबीला समांतर धावतात. शेंड्याच्या कप्प्यात बहुतेकींचे जलद वाढणारे टोक शेंड्याकडे असते.

सांगाडा मोडला तर शरीर कोसळायला हवे. बेनोमिल या बुरशीनाशकाने सूक्ष्मनलिका मोडल्या तरी हा धागा कोसळत नाही, कारण त्याचा आकार कायटिनयुक्त पेशीभित्तिका राखते. वाढ मात्र मंदावते. शेंड्याला लागणारा माल दुरून आणण्याचे हे रस्ते आहेत. कायनेसिन प्रथिने शेंड्याकडे जातात, डायनीन उलट दिशेने. १९९४ साली दिसून आले, की केंद्रके धाग्यात पसरण्यासाठी डायनीन आवश्यक आहे. ते बिघडले की ती बीजाणूजवळच गर्दी करून राहतात. याच कामातले दुसरे एक जनुक, 'नड-एफ', माणसातल्या 'लिस-१'शी मिळतेजुळते असल्याचे १९९५ मध्ये कळले. 'लिस-१' बिघडले तर बाळाच्या मेंदूला नेहमीच्या वळ्या पडत नाहीत.

म्हणजे बुरशी हा अपवाद म्हणून तळटीपेत टाकण्याचा विषय नव्हे. गॅमा-ट्युब्युलिन हे सूक्ष्मनलिकांची सुरुवात करून देणारे प्रथिन १९८९ मध्ये याच बुरशीत सापडले, आणि नंतर प्राण्यांच्या तारककायातही. ज्या तारककायाला पुस्तके एवढी जागा देतात, त्याचे मर्म बुरशीने उलगडले. पुस्तकात ती नाही.

द्राक्षबागायतदारांच्या मुलांना कार्बेन्डाझिम हे नाव ऐकून ठाऊक असते. बेनोमिलचे विघटन होऊन हेच द्रव्य बनते. ते बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनला चिकटते व नलिका बनू देत नाही. या प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलले, तरी बुरशी औषधाला दाद देईनाशी होऊ शकते. वर्गात 'औषध आता का लागू पडत नाही?' असे कुणी विचारले, तर उत्तर इथून सुरू करता येईल. त्यासाठी फळ्यावर दोन समांतर रेघा, मध्ये चार-पाच केंद्रके आणि लांबीला धावणाऱ्या काही नलिका एवढे काढले तरी पुरे.