डबीतला ड्रॅगन

आजच्या विषयासाठी आम्ही एक वस्तू सोबत आणली आहे. २०१२ हे चिनी पंचांगात ड्रॅगनचं वर्ष होतं. त्या निमित्तानं सिंगापूरच्या एका माजी विद्यार्थिनीनं ती आम्हाला भेट दिली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ टांकसाळीचं हे चांदीचं नाणं. वजन सुमारे ३१.१ ग्रॅम, म्हणजे एक ट्रॉय औंस. चांदी ९९.९ टक्के. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला ड्रॅगन.

नाण्यावर किंमत आहे एक डॉलर. आमच्या नातीनं तेव्हा विचारलं होतं, "आजोबा, याचं काय विकत मिळतं?" जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण तिथं आम्ही अडखळलो. कायद्यानं तो एक डॉलर. आतली चांदीच त्याच्या कित्येक पट महाग. म्हणजे हे नाणं कुणी खर्च करणार नाही, हे टांकसाळीलाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही. ॲरिस्टॉटल सांगतो की नाण्याला 'नोमिस्मा' म्हणतात, कारण त्याचं मोल निसर्गानं ठरत नाही, 'नोमॉस'नं, म्हणजे माणसांच्या संकेतानं ठरतं. इथं संकेत छापलेला आहे, पण तो कुणीच मनावर घेत नाही. मग हे नाणं आहे का?

दुसरा प्रश्न: हा ड्रॅगन आहे का? कारागिरीला नावं ठेवायला जागा नाही. आरशासारख्या पृष्ठावर खवला न् खवला उठून दिसतो. पण चिनी 'लुंग' म्हणजे युरोपीय कथांतला आग ओकणारा राक्षस नव्हे. तो पाण्याचा, पावसाचा, नद्यांचा. त्याचा स्वभाव एका जागी न राहण्याचा. सहाव्या शतकातल्या चांग सेंगयाऊ या चित्रकाराची कथा प्रसिद्ध आहे. त्यानं आजच्या नानजिंगमधल्या एका मंदिरात चार ड्रॅगन रंगवले, पण डोळे काढले नाहीत. डोळे काढले तर उडून जातील, म्हणाला. लोकांनी हट्ट धरला. त्यानं दोघांचे डोळे काढले. वीज कडाडली, भिंत फुटली आणि ते दोघे ढगांत गेले. बिनडोळ्यांचे दोघे तेवढे राहिले. आपल्या या नाण्यातल्या ड्रॅगनला डोळे आहेत, तरी तो गेली कित्येक वर्षं डबीत आहे. टीका करायची तर इथं करावी.

कुणी म्हणेल, परक्या देशातल्या टांकसाळीकडून दुसरं काय होणार? हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. १८८९ पासून चीनच्या क्वांगतुंग प्रांतात ड्रॅगनचे चांदीचे डॉलर पाडले गेले, त्यांची यंत्रं बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची होती. त्या नाण्यावर ड्रॅगनभोवती वजन कोरलेलं असे: सात मेस, दोन कँडरीन, म्हणजे जवळपास २७ ग्रॅम, नव्वद टक्के चांदी. ड्रॅगन बादशहाचा, पण विश्वास वजनावर. बंदरांतले पारखी नाणं वाजवून बघत, पारखलं की त्यावर आपला ठसा मारत. अशा ठशांनी विद्रूप झालेली नाणी आजही सापडतात. तिथं या पारख्याला 'श्रॉफ' म्हणत. आपला 'सराफ' तो हाच. हाँगकाँगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर हा शब्द अजून दिसतो. त्या डॉलरचा ड्रॅगन झिजला, पण हातोहात फिरला. लुंगच्या स्वभावाशी त्याचं नातं अधिक जवळचं, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्यासारख्या संग्राहकांविषयी. ये गावच्या सरदाराची एक जुनी चिनी गोष्ट आहे. त्याला ड्रॅगनचं भारी वेड. खांबांवर, भिंतींवर, जिथं तिथं ड्रॅगन. हे ऐकून खरा ड्रॅगन भेटायला आला, खिडकीतून डोकं आत घातलं. सरदार जीव मुठीत धरून पळाला. त्याला ड्रॅगन आवडतच नव्हता. ड्रॅगनसारखं दिसणारं काहीतरी आवडत होतं.

आम्हीही त्या सरदारांपैकीच. नातीला नाणं हातात घ्यायचं होतं. आम्ही म्हणालो, "नको गं, बोटांचे डाग पडतील, किंमत उतरेल." ती डबीवरूनच बोट फिरवत बसली. ती कधीच खर्च न होणारी किंमत आम्ही तिच्यापासून सांभाळली!

तेव्हा आमचं म्हणणं असं: अशी नाणी खोटी नव्हेत. सिंगापूरहून ती आमच्याकडे आली तेव्हा तिनं नाण्याचं काम केलंच होतं. एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, शुभेच्छा घेऊन. त्यांचं प्रयोजन बुडतं ते आपण डबी मिटतो तेव्हा.

ती नात आता मोठी झाली आहे, आज सभागृहातच आहे. व्याख्यान संपल्यावर आम्ही ही डबी उघडणार आहोत. ज्यांना नाणं हातात घेऊन पाहायचं असेल त्यांनी पुढं यावं. पहिला मान तिचा. हात पुसून यायची गरज नाही.