भयमालिकेतला क्रूस आणि आमची दफनभूमी

नोव्हेंबरच्या २ तारखेला, सर्व मृतभक्तांच्या स्मृतिदिनी, आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेच्या कुटुंबे दफनभूमीत जातात. झाडून स्वच्छ केलेल्या कबरींवर झेंडूची फुले व मेणबत्त्या असतात, आणि मुले त्यांच्यामधून निर्धास्त हिंडतात. आजी नातवाला सांगते, 'हे तुझे पणजोबा.' हीच मुले घरी येऊन पडद्यावर भयमालिका पाहतात, तेव्हा तोच क्रूस आणि तीच कबर त्यांना दिसते. अर्थ मात्र पार उलटलेला असतो. ह्या उलथापालथीकडे आपण जरा डोळसपणे पाहावे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे १९९३ मध्ये रामसे बंधूंच्या 'झी हॉरर शो'ने भयकथा घराघरांत आणली. पुढे २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'ने ती कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात नेली, आणि मालवणी बोलीमुळे तिला मातीचा वास आला. कॅथलिक माणसाच्या वाट्याला मात्र असे घर आले नाही. सुजॉय घोष यांच्या 'टाइपरायटर' (२०१९) ह्या पाच भागांच्या हिंदी मालिकेत जेनी फर्नांडिस गोव्यातील 'बार्देस व्हिला' ह्या वडिलोपार्जित घरी परत येते. मुलांचे भुताच्या शोधातले साहस लोभस आहे, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु फर्नांडिस हे आडनाव आणि जुना बंगला ह्यांपलीकडे ह्या घराची श्रद्धा कथेच्या गाभ्याशी पोचत नाही. ख्रिस्ती जीवन येथे केवळ नेपथ्य आहे.

ह्याच्या उलट उदाहरण माइक फ्लॅनगन यांच्या 'मिडनाइट मास' (२०२१) ह्या सात भागांच्या अमेरिकी मालिकेचे. तिच्या भागांना 'उत्पत्ती'पासून 'प्रकटीकरण'पर्यंत पवित्र शास्त्रातील पुस्तकांची नावे दिली आहेत. एका उतरत्या कळेच्या बेटावर फादर पॉल येतात, आणि तेथील ओस पडलेले चर्च पुन्हा भरते. पांगळी मुलगी चालू लागते, म्हातारे तरुण होतात. वस्तुतः फादर हे त्याच धर्मग्रामाचे वृद्ध धर्मगुरू असतात. पवित्र भूमीच्या यात्रेत भेटलेल्या एका रक्तपिपासू प्राण्याला देवदूत समजून त्यांनी त्याचे रक्त मिस्साच्या द्राक्षारसात मिसळलेले असते.

हे पाहताना श्रद्धावंताचे मन दुखावते, आमचेही दुखावले. तरीही ही विटंबना उगाच केलेली नाही, असे आमचे मत झाले. धर्मगुरूला त्या भ्रमात ढकलते ते प्रेमच: जिच्यावर त्याने आयुष्यभर गुपचूप प्रेम केले ती स्त्री स्मृती हरवून मरणाकडे चालली आहे, आणि ते त्याला साहवत नाही. प्रभू येशू मरणातून गेला. ह्या माणसाला मरण टाळून पुनरुत्थान हवे आहे. क्रूसावाचून सार्वकालिक जीवन मागणे, हाच ह्या मालिकेतील खरा भयविषय. पास्काजागरणाच्या रात्री त्याचे फळ सर्व गावाला भोगावे लागते.

दोषही सांगितलेच पाहिजेत. शास्त्रवचने तोंडपाठ असलेली बेव्ह कीन निर्दय दाखविली आहे. नायिका एरिनच्या अखेरच्या चिंतनात मृत्यू म्हणजे विश्वात विरघळून जाणे ठरते. 'देहाचे पुनरुत्थान' ह्या आपल्या विश्वासाला तेथे जागा नाही. मात्र पहाटे मरणाला सामोरे जाताना साधी माणसे भजन गातात, आणि मुसलमान शेरीफ हसन मुलासह नमाज पढतो, तेथे लेखकाने श्रद्धेचा मान राखला आहे.

तेव्हा मुलांच्या हातून मालिका हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. त्यांच्याबरोबर बसून ती पाहावी आणि नंतर बोलावे. दुसरी जबाबदारी आपल्या लिहिणाऱ्यांची. ज्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केंदळहून १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला, तेथे मराठी कॅथलिक लेखणीला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणारा, उसाच्या फडात राबणारा, मराठीत प्रार्थना करणारा कॅथलिक अजून पडद्यावरच्या कथेत आलेला नाही. त्याच्याही घरात मरण येते, त्यालाही रात्री भय वाटते. त्या भयाची कथा आपल्यापैकी कोणी लिहील, तर तिच्यातली आजी नातवाला घेऊन दफनभूमीत जाईल, आणि मूल तिचे बोट सोडून पुढे पळेल.