आधी पैसे, मग किल्ली

जुना फ्लॅट विकणाऱ्याचा सगळा जीव किमतीवर असतो. साठेखत मात्र किंमत एकदा सांगून मोकळे होते आणि ती रक्कम कोणत्या क्रमाने हाती येईल, यावर पुढची पाने खर्च करते. मजकूर वकिलाचा; पण हा क्रम व्यवहाराच्या नजरेने जोखून वाचावा तो जाणत्या एजंटानेच. त्याचे ते वाचन मला फार आवडते.

रक्कम अदा करण्याचे कलम पाहा. मुंबई-पुण्यात घेणारा बहुधा कर्ज काढतो. विसार मिळतो, थोडे पैसे नोंदणीपर्यंत येतात, मोठा वाटा बँक नंतर देते. म्हणजे दस्त नोंदला गेला, पण बरेचसे पैसे अजून यायचे आहेत, असे काही आठवडे येतातच. ‘उर्वरित रक्कम कर्ज मिळाल्यावर देण्यात येईल’ हे वाक्य किती सरळ वाटते! जाणता एजंट नेमका तिथे अडतो. कर्ज कधी मिळणार? नाहीच मिळाले तर? तो ‘नोंदणीपासून ४५ दिवसांत’ अशी मुदत घालायला लावतो आणि ती चुकली तर काय, याचेही वाक्य मागतो.

या हट्टाला आधार आहे. स्थावर मिळकतीच्या विक्रीत मुदत हा कराराचा गाभा आहे, असे न्यायालय आपणहून धरून चालत नाही. तसा हेतू करारातून दिसावा लागतो. चांद रानी विरुद्ध कमल रानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. विसार जप्त करण्याचे कलमही असेच फसवे. सगळी रक्कम जप्त होणार, हे वाचून विकणारा सुखावतो. पण १८७२च्या करार कायद्याचे ७४वे कलम वाजवी भरपाईच्या पुढे जाऊ देत नाही. हे अशिलाला तोंडावर सांगणारा एजंट दुर्मीळ, म्हणून मोलाचा.

माझे आवडते कलम ताब्याचे. घेणारा गोड बोलून म्हणतो, रंगकाम उरकून घेतो, किल्ली तेवढी द्या. एजंट नको म्हणतो, कारण नोंदणीकृत करारानुसार ताबा घेऊन आपला शब्द पाळणाऱ्या खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५३-अ कलम संरक्षण देते. त्याला बाहेर काढणे मग सोपे राहत नाही. पूर्ण मोबदला आणि ताबा एकाच दिवशी, हे त्याने आधीच लिहवून घेतलेले असते.

राहिला टीडीएस. व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असला की घेणारा १ टक्का कापतो. ८० लाखांच्या घराला ८०,००० रुपये. ती रक्कम मोबदल्यातच धरली आहे, हे करारात हवे. मालक दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा अनिवासी असेल, तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही आणि कपात पुष्कळ मोठी होते. म्हणून ‘मालक राहतात कुठे?’ हा प्रश्न चांगला एजंट पहिल्याच भेटीत विचारतो. उत्तर परदेशाचे आले, तर आयकर खात्याकडे कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लावतो आणि ते हाती येईपर्यंत पैशांच्या तारखा ठरू देत नाही.