प्रौढांतील दम्याचे निदान : एका मार्गदर्शिकेचे परीक्षण

प्रौढांतील दम्याच्या निदानासंबंधी युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०२२ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दमा केवळ लक्षणांवरून ठरवू नये, फुप्फुसांचे कार्य मोजून ठरवावा, हा तिचा मुख्य सिद्धान्त होय. धाप, खोकला व छातीतील घरघर ही इतर विकारांतही आढळतात. तेव्हा या सिद्धान्ताविषयी वाद संभवत नाही. परीक्षण करावयाचे ते तिने लावलेल्या चाचण्यांच्या क्रमाचे.

तो क्रम असा : प्रथम स्पायरोमेट्री. तीत श्वासमार्गाचा अवरोध दिसल्यास श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन पुनर्मापन. पहिल्या सेकंदातील उच्छ्वास १२ टक्के व २०० मिलिलिटर इतका वाढल्यास दम्यास पुष्टी मिळते. तसे न घडल्यास उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडचे मापन, आणि अवरोध नसूनही शंका उरल्यास मेथाकोलीनची चाचणी. पीक फ्लो मीटरने दोन आठवडे ठेवावयाच्या नोंदीस मात्र प्रमुख चाचणीचा मान नाही. इतर साधने नसतील तेव्हाच ती विचारात घ्यावी, असा अभिप्राय आहे. व्यवसायजन्य दम्यात तिचा उपयोग होतो, हे ओझरते नमूद केले आहे.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. सोलापुरात १८७७ साली निघालेली ‘जुनी गिरणी’ आज उरली नाही. परंतु यंत्रमाग, चादरी, टॉवेल व सूतरंगाई यांवर पोट भरणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. असा कामगार सुट्टीच्या दिवशी स्पायरोमेट्रीस आला, तर निकाल निर्दोष येणे सहज शक्य आहे. दमा हा मुळातच चंचल विकार. एका दिवसाच्या निर्दोष निकालाने तो नाकारता येत नाही. मेथाकोलीनने श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता कळेल, पण तिचे कारण कामात आहे काय, हे कळणार नाही. ते कळते कामाच्या व सुट्टीच्या दिवसांत, दिवसातून निदान चार वेळा घेतलेल्या नोंदींच्या तुलनेने. रिॲक्टिव्ह रंगांमुळे उद्भवलेला दमा बहुधा कामाच्या दिवसांत वाढत जातो व सुट्टीत ओसरतो. उलट कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते. तेथे इतर छातीच्या विकारांपासून भेद करणे किती आवश्यक आहे, हे मुंबईच्या गिरणी कामगारांविषयी डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखविले आहे.

या नोंदीचा आणखी एक गुण असा, की तीत माणसाची तुलना त्याच्याच कालच्या श्वासाशी होते. २०१२ सालच्या जागतिक अपेक्षित मूल्यांत भारतीयांचा स्वतंत्र गट नव्हता. ती अडचण येथे उद्भवत नाही.

पीक फ्लो निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. फुंकर मनापासून न मारल्यास आकडा फसवा येतो; वही भरण्यास आळस झाला, तर कल्पित आकडेही लिहिले जातात. चढउतार २० टक्क्यांहून कमी असला म्हणून दमा नाही, असेही म्हणता येत नाही. तथापि हे दोष शिकवणुकीने व देखरेखीने बरेच कमी होतात.

स्पायरोमेट्रीचे स्थान अबाधित राहावे. परंतु जेथे रोजगार आणि धाप यांचा संबंध संशयास्पद आहे, तेथे पीक फ्लोची वही अखेरचा पर्याय न मानता स्पायरोमेट्रीच्या जोडीस पहिल्याच भेटीत द्यावी. चुकीच्या निदानाने कामगार एकतर व्यर्थ औषध घेत राहतो, किंवा ज्या धुळीने आजार आला तिच्यातच पुन्हा जाऊन उभा राहतो.