आभासी विश्व आणि तादात्म्य

२०१९ साली आलेल्या ‘ऑक्युलस क्वेस्ट’ व ‘व्हॉल्व्ह इंडेक्स’ या हेडसेटांची तुलना बहुधा चित्राच्या सुस्पष्टतेवरून केली जाते. ही कसोटी अपुरी होय. क्वेस्टला संगणकाची तार नव्हती. त्यामुळे ‘बीट सेबर’मध्ये तालावर येणारे ठोकळे छेदताना देह निःशंकपणे झुके. इंडेक्स तारेने जखडलेला, परंतु त्याची हस्तसाधने बोटांची पृथक् हालचाल टिपत. ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’मध्ये (२०२०) वस्तू हाताळणे हाच कथानुभव होतो. मात्र त्या वस्तूंना वजन नसते. न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’त रसिक स्वत्व राखूनच परकायाप्रवेश करतो. येथे ते स्वत्व देहच राखतो: एकीकडे श्रमाने, दुसरीकडे भाराच्या अभावाने. सबब संपूर्ण विसर्जन हा या कलेचा आदर्श मानणे चुकीचे ठरते.