सोडतीने काय दाखवले? – करिअर अकॅडमीवरील एका अहवालाचे परीक्षण

माध्यमिक शाळेत व्यवसायशिक्षणाचा विषय निघाला, की शिक्षकांच्या खोलीत दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे, की मुलांच्या हाताला काहीतरी काम शिकवले तर ती पुढे उपाशी राहणार नाहीत. दुसरे मत असे, की हाताला काम दिले की अभ्यास बुडतो आणि कॉलेजचे दार बंद होते. दोन्ही बाजूंना आपापल्या ओळखीतील चार-दोन मुलांची उदाहरणे पाठ असतात. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मात्र येथे थांबून विचारावे : हे कोणी तपासून पाहिले आहे काय?

अमेरिकेत ते तपासले गेले आहे. 'एमडीआरसी' या संशोधन संस्थेने १९९३ साली हाती घेतलेल्या अभ्यासाचा दीर्घकालीन अहवाल जून २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जेम्स केम्पल आणि सिंथिया विल्नर यांनी लिहिलेला हा अहवाल तेव्हापासून जगभर उद्धृत होत आला आहे. पण बहुतेक ठिकाणी त्यातील एकच आकडा उचलला जातो आणि बाकीचा अहवाल बाजूला पडतो. हा आकडा कोणता, तो कसा मिळाला आणि त्यातून शाळा चालवणाऱ्याने काय घ्यावे, हे पाहण्यासाठी हे परीक्षण.

अकॅडमी म्हणजे काय?

नावावरून वेगळ्या इमारतीची कल्पना येते. प्रत्यक्षात करिअर अकॅडमी म्हणजे मोठ्या हायस्कूलच्या पोटातील एक छोटी शाळा. पहिली अकॅडमी १९६९ साली फिलाडेल्फिया शहरातील एडिसन हायस्कूलमध्ये सुरू झाली. तिचा विषय विद्युत्‌शास्त्राचा होता आणि शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीची तिला साथ होती. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात अशाच दोन अकॅडमी निघाल्या. १९८४ मध्ये तेथील राज्य सरकारने कायदा करून या योजनेला अनुदान दिले. दरम्यान १९८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात वित्तव्यवहाराची अकॅडमी सुरू झाली होती. पुढे आरोग्यसेवा, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यटन असे विषय येत गेले.

सर्व अकॅडमींत तीन गोष्टी समान असतात. पहिली, दीडशे ते दोनशे मुलांची एक ठरावीक तुकडी नववी किंवा दहावीपासून बारावीपर्यंत एकत्र राहते आणि तिला शिकवणारे शिक्षकही तेच राहतात. दुसरी, इंग्रजी, गणित, विज्ञान हे नेहमीचे विषय आणि व्यवसायाचा विषय एकाच सूत्रात गुंफून शिकवले जातात. तिसरी, परिसरातील कारखाने, रुग्णालये, बँका यांच्याशी शाळेचा करार असतो. तेथील माणसे वर्गात येतात आणि मुले तेथे काम पाहायला, पुढे काही आठवडे काम करायला जातात. एवढे करून कॉलेजची वाट मोकळी ठेवायची, हे या योजनेचे वैशिष्ट्य. जुन्या धंदेशिक्षणाचा वर्ग आणि अकॅडमी यांत फरक पडतो तो येथे.

सोडत कशासाठी?

अकॅडमीतील मुलांची प्रगती बाहेरच्या मुलांपेक्षा चांगली, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा काय? मुळीच नाही. अकॅडमीत जायला अर्ज करावा लागतो. जो मुलगा अर्ज करतो, ज्याचे पालक तो भरतात, तो आधीच थोडा वेगळा असतो. अशा मुलांची तुलना अर्ज न करणाऱ्यांशी करणे म्हणजे खत घातलेल्या काळ्या रानाची तुलना बिनखताच्या मुरमाड रानाशी करून श्रेय खताला देणे.

ही अडचण संशोधकांनी साध्या युक्तीने सोडवली. ज्या अकॅडमींकडे जागांपेक्षा जास्त अर्ज येत होते अशा निवडल्या आणि अर्जदारांतून सोडत काढली. चिठ्ठी निघाली ते आत, बाकीचे शाळेच्या नेहमीच्या वर्गांत. दोन्ही गटांतील मुलांनी अर्ज केलेला होता. हौस, घरची स्थिती, पूर्वीचे गुण हे सारे दोन्हीकडे सरासरीने सारखेच वाटले गेले. आता पुढे जो फरक दिसेल तो अकॅडमीचा. नऊ शाळांतील १,४०० हून अधिक मुलांचा माग संशोधकांनी शाळा संपल्यानंतर आठ वर्षे काढला. त्यांतील सुमारे ८५ टक्के मुले कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक कुटुंबांतील होती.

आणखी एक काटेकोरपणा लक्षात घेण्याजोगा आहे. चिठ्ठी निघालेली पुष्कळ मुले बारावीपर्यंत अकॅडमीत टिकली नाहीत. संशोधकांनी त्यांना वगळले नाही. ज्याची चिठ्ठी निघाली तो अकॅडमीच्या गटातच मोजला. टिकलेल्यांचीच गणती केली असती, तर निकाल अधिक झळझळीत आला असता आणि खोटा ठरला असता.

दोन रकाने

आता निकालाकडे वळू. अकॅडमीच्या गटातील ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी हायस्कूल पूर्ण केले किंवा समकक्ष परीक्षा दिली. निम्म्या मुलांनी पुढील शिक्षणातील एखादी पदवी वा प्रमाणपत्र मिळवले. गरीब वस्त्यांतील शाळांसाठी हे आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. येथेच अहवाल मिटला असता, तर अकॅडमीचा जयजयकार झाला असता.

पण शेजारी दुसरा रकाना आहे. सोडतीत नाव न निघालेल्या मुलांचेही आकडे जवळजवळ तेच आहेत! म्हणजे ही मुले अकॅडमीत गेली नसती तरी शिकली असती. श्रेय मुलांच्या स्वतःच्या हौसेचे होते. गणित आणि वाचनाच्या प्रमाणित चाचण्यांतही अकॅडमीने काही वाढ केली नाही, हे याच अभ्यासाच्या २००० सालच्या अहवालात आधी आले होते. आपल्या शाळेचा शंभर टक्के निकाल फलकावर लिहिणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हा दुसरा रकाना मनाशी काढून पाहावा.

मग फरक पडला कोठे? कमाईत. शाळा संपल्यानंतरच्या आठ वर्षांत अकॅडमीच्या गटाची कमाई वर्षाला सरासरी २,०८८ डॉलरने, म्हणजे ११ टक्क्यांनी अधिक राहिली. सर्वत्र उद्धृत होतो तो हाच आकडा. त्याच्याइतकाच महत्त्वाचा, पण क्वचितच सांगितला जाणारा निष्कर्ष असा, की ही वाढ शिक्षणाच्या मोबदल्यात मिळालेली नाही. कॉलेजच्या बाबतीत दोन्ही गट बरोबरीत राहिले. 'हाताला काम दिले की अभ्यास बुडतो' ही भीती निदान या नऊ शाळांत खरी ठरली नाही.

सरासरीच्या पोटात

सरासरीवर थांबणे मात्र धोक्याचे. ११ टक्क्यांची ही वाढ मुख्यतः मुलग्यांमुळे आहे. त्यांची कमाई वर्षाला ३,७३१ डॉलरने, म्हणजे १७ टक्क्यांनी वाढली. मुलींच्या बाबतीत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक आढळला नाही. जी योजना निम्म्या वर्गाला लागू पडली नाही, तिला सरसकट 'यशस्वी' म्हणावे काय? अहवालाने हा फरक प्रामाणिकपणे नोंदवला, पण त्याची कारणे पुरेशी शोधली नाहीत. मुली कोणत्या विषयांच्या अकॅडमींत होत्या, त्यांना कामाची कोणती ठिकाणे मिळाली, हे शाळा चालवणाऱ्याला पहिल्यांदा कळायला हवे होते.

दुसरी गोष्ट २००० सालच्या अहवालातील. शाळा सोडण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त होता, अशा मुलांत तुलनागटातील ३२ टक्के मुलांनी शाळा सोडली, तर अकॅडमीच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. हा लाभ शेवटपर्यंत टिकला नाही, कारण पुढे शिक्षण पूर्ण करण्यात दोन्ही गट सारखेच ठरले. तरी त्या काळात मुलांना शाळेत धरून ठेवण्याची ताकद अकॅडमीत होती, हे खरे. ही ताकद सर्व शाळांत सारखी नव्हती. जेथे शिक्षक आणि सोबती यांच्याकडून मुलाला मिळणारा आधार खरोखर वाढला, तेथे परिणाम चांगला झाला. जेथे पाटी अकॅडमीची लागली पण हा आधार वाढला नाही, तेथे काही मुलांची शाळेतील गोडी उलट कमी झाली. सबंध अभ्यासातील सर्वांत उपयोगी वाक्य मला हेच वाटते, आणि ते ११ टक्क्यांच्या आकड्याखाली गाडले गेले आहे.

खरी कसोटी वेळापत्रकाची

हा आधार वाढतो कशाने? अशी योजना आखताना सारे लक्ष कार्यशाळा, यंत्रे आणि कंपनीशी करार यांवर जाते. उद्‌घाटनाला तेवढेच दाखवता येते. पण मूल ओळखीचे होते ते वेळापत्रकामुळे.

समजा, एका इयत्तेतील साठ मुले अकॅडमीत घेतली. त्यांच्या तीस-तीसच्या दोन तुकड्या केल्या. त्यांना इंग्रजी, गणित, विज्ञान आणि व्यवसायविषय शिकवणारे चार शिक्षक ठरले. या चौघांना आठवड्यातून निदान दोनदा एकाच वेळी मोकळा तास हवा. त्याशिवाय 'गुंफलेला अभ्यासक्रम' कागदावरच राहतो. गणिताच्या शिक्षकाला ओहमचा नियम या आठवड्यात चालू आहे हे कळले, तरच तो समप्रमाणाची उदाहरणे त्यावरची घेईल. चौघे एकत्र बसले, तरच तीन तासांना हजर असलेला मुलगा चौथ्याला रोज का गायब होतो, हे लक्षात येईल. आता या चौघांचे तास एका वेळी मोकळे करायचे, तर शाळेतील इतर वर्गांचे तास हलवावे लागतात. जो विषय दिवसातून एकदाच शिकवला जातो, तो नेमका अकॅडमीच्या तासावर येतो. मग त्या विषयाची आवड असलेले मूल अकॅडमी सोडते, किंवा तुकडीत बाहेरची मुले भरली जातात आणि तुकडी तुकडी राहत नाही.

योजना मोडते ती बहुधा येथे. मुख्याध्यापकांनी वर्षाचे वेळापत्रक करताना या तासांना पहिला मान दिला नाही, तर उरते ते नाव.

अहवालाच्या मर्यादा

अहवालाचा मोठा दोष म्हटला तर तो त्याच्या रचनेतच आहे. तीन अंगांचे औषध एकत्र करून दिले, गुण आला. पण कोणत्या अंगाचा? छोट्या तुकडीचा, गुंफलेल्या अभ्यासक्रमाचा, की प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा? अहवालकर्त्यांचा कल कामाचा अनुभव आणि व्यवसायांची ओळख यांकडे आहे. तो पटण्याजोगाही आहे, कारण गुण न वाढता कमाई वाढली. तरीही तो तर्कच आहे. सोडतीने तो सिद्ध केलेला नाही. दुसरे म्हणजे, नऊही शाळांतील अकॅडमी आधीपासून चालू आणि मागणी असलेल्या होत्या. नव्याने घाईने उभारलेल्या अकॅडमीला हे निकाल लावता येणार नाहीत. तिसरे, ही मुले शाळेबाहेर पडली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा अमेरिकेत कामगारांना चांगली मागणी होती. मंदीत काय झाले असते, ते यातून कळत नाही.

आपल्या शाळांसाठी

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. त्याचा आशय मोठा होता. पण वेळापत्रकात तो एक सुटा तास म्हणून बसला, आणि पुष्कळ शाळांत वार्षिक तपासणीपुरत्या वस्तू करण्यावर येऊन थांबला. पाबळच्या विज्ञान आश्रमाने डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या मार्गदर्शनाखाली आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी देण्याचा प्रयोग केला, त्यात वेळापत्रकाला हात घातलेला होता हे विसरू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसोबत घालवण्याची सूचना केली आहे. अमेरिकेतील अकॅडमी तशीच्या तशी येथे आणण्याचे कारण नाही. आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते, वर्ग साठ-सत्तरांचे असतात आणि गावात करार करायला मोठी कंपनी नसते.

पण दोन गोष्टी खर्चाशिवाय घेता येतील. आपल्या शाळेत असा कोणताही उपक्रम सुरू होणार असेल, तर उद्‌घाटनापूर्वी विचारावे : यातील शिक्षकांचा सामाईक मोकळा तास कोणता? आणि जागा कमी, अर्ज जास्त अशी वेळ आली, तर गुणांनुसार निवड न करता चिठ्ठ्या टाकाव्यात. मुलांवर अन्याय कमी होईल. शिवाय नाव न निघालेल्या मुलांचीही नोंदवही ठेवली, तर पाच वर्षांनी आपला दुसरा रकाना आपल्याच हाती असेल.